ईजीआरच्या पाइपात पत्रा कोंबण्याआधी

एक ढकलपत्र सध्या फिरतंय, ईजीआर व्हॉल्व्हबद्दल, म्हणजे जळून गेलेल्या वायूचा थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या झडपेबद्दल. त्याचा सारांश असा: ईजीआर व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाला स्वतःचाच धूर पाजणारी भानगड. पाइपात पत्र्याची चकती टाकून ती बंद करा, पिकअप आणि मायलेज दोन्ही वाढतील. आणि स्कॅनरवर पी०४०१ हा दोषाचा कोड दिसला की व्हॉल्व्ह गेलाच समजा.

“इंजिन स्वतःचाच धूर पितं.” पितं, आणि ते मुद्दाम. जळून गेलेल्या वायूत ऑक्सिजन कमी असतो. हा वायू सिलिंडरमध्ये जागा अडवतो, उष्णताही शोषतो, त्यामुळे ज्वलनाचं कमाल तापमान उतरतं. हवेतल्या नायट्रोजनचे ऑक्साइड मुख्यतः त्या अतितापमानातच तयार होतात, म्हणून १९७०च्या दशकापासून गाड्यांमध्ये ही युक्ती वापरात आहे. डिझेल गाडीत या धुरातली काजळी क्रँककेसमधून (इंजिनाच्या तळाच्या भागातून) येणाऱ्या तेलाच्या वाफेत कालवली जाते आणि इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेत, डांबरासारखा थर बसतो, हे खरं. चकती टाकली तर तो थर कमी साचेल, हेही कबूल. ढकलपत्रातलं खरं तेवढंच.

“पिकअप वाढतो.” ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) हा व्हॉल्व्ह सहसा बंदच ठेवतो. आधीच लावलेल्या दारावर पत्रा ठोकून ताकद कुठून यायची? ज्यांना खरोखर फरक जाणवतो, त्यांचा व्हॉल्व्ह बहुधा उघडा अडकलेला असतो. व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे झाकण टेकतं त्या कडेवर, काडीपेटीच्या गुलाएवढा कार्बनचा खडा बसला तरी पुरतं: पेट्रोल गाडी आयडलिंगला थरथरते, कधी बंद पडते, डिझेल गाडी ओढत नाही आणि काळा धूर सोडते. तो खडा काढणं हा इलाज. चकतीने फक्त लक्षण झाकलं जातं.

“मायलेज वाढतं.” पेट्रोल इंजिनात बऱ्याचदा उलटं होतं. ईजीआर चालू असताना तेवढ्याच ताकदीसाठी थ्रॉटल (हवेची झडप) जास्त उघडावा लागतो, त्यामुळे हवा ओढायला इंजिनाला कमी कष्ट पडतात. शिवाय नॉकिंगही, म्हणजे अवेळी पेटणाऱ्या इंधनाची ठकठकही, आवरतं.

आता पी०४०१, कारण खिशाला खरी चाट इथे बसते. हा कोड एवढंच सांगतो की अपेक्षेपेक्षा कमी वायू आला. का, ते सांगत नाही. बऱ्याच डिझेल गाड्यांत हा वायू थेट मोजतच नाहीत. व्हॉल्व्ह उघडल्यावर एअर फ्लो सेन्सरवरून जाणारी ताजी हवा किती घटली, त्यावरून ईसीयू अंदाज बांधतो. तो सेन्सर चुकला की खापर व्हॉल्व्हवर.

एका मित्राने असाच कोड बघून नवा व्हॉल्व्ह बसवला. आठ दिवसांत चेक इंजिनचा दिवा पुन्हा लागला. दोष निघाला व्हॉल्व्ह ओढून उघडणाऱ्या व्हॅक्यूमच्या करंगळीएवढ्या रबरी नळीत. सरळ असताना नळी धडधाकट दिसायची. बोटांत धरून वाकवली की आतल्या बाजूची चीर तोंड उघडायची.

व्हॅक्यूमवर चालणारा व्हॉल्व्ह असेल तर तपासायला हातपंप पुरतो. पेट्रोल इंजिन आयडलिंगला ठेवून व्हॉल्व्हला व्हॅक्यूम द्या. इंजिन अडखळलं किंवा बंद पडलं तर व्हॉल्व्ह आणि वाट दोन्ही ठीक; मग नळी, सोलेनॉइड (व्हॅक्यूम सोडणारा-रोखणारा विजेवरचा खटका), सेन्सर बघा. पंपाचा काटा घसरला तर आतला पडदा फाटलाय. काटा टिकला, दांडा हलला आणि तरी इंजिनाला पत्ता नाही, तर वाट कार्बनने बुजलीय. इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह असेल तर स्कॅनरवरून उघडायचा हुकूम द्या आणि मागितलेली व प्रत्यक्षातली उघडझाप ताडून बघा.

साफ करताना मोटरची बाजू क्लीनरमध्ये बुडवू नका. सीट पोलादी तारेने खरवडू नका, गॅस्केट नवीन टाका. बऱ्याच गाड्यांत व्हॉल्व्ह बदलल्यावर स्कॅनरने त्याची बंद स्थिती ईसीयूला नव्याने शिकवावी लागते. ती पायरी गाळली की नवा व्हॉल्व्हही ‘खराब’ ठरतो.

आणि चकती टाकलीच तर? ईसीयूला वायू न आल्याचं कळतं, दिवा लागतो, काही गाड्या लिंप मोडमध्ये जातात, म्हणजे ताकद कमी करून कशाबशा चालतात. दिवा कायमचा पेटलेला राहिला की उद्याचा दुसरा खरा दोषही त्याच्याआड लपतो. शिवाय प्रदूषण रोखणाऱ्या यंत्रणेशी अशी छेडछाड अनेक देशांत बेकायदा आहे.

व्हॉल्व्ह काढलाच आहे तर पुसायच्या आधी थराला बोट लावून बघा. कोरडा, भुरभुरीत असेल तर छोट्या छोट्या फेऱ्यांत थंडच राहणारं इंजिन किंवा नीट फवारा न मारणारा इंजेक्टर. ओला, चिकट असेल तर टर्बोचं सील किंवा ब्रीदर (क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणारी नळी) तेल सोडतंय का, ते आधी शोधा. आणि बाहेर कुठे थेंब न दिसता कुलंट कमी होत असेल, तर हा वायू थंड करणारा ईजीआर कूलर फुटलाय का तेही बघून घ्या.