मोठा टाक!

जुन्या पिलर ड्रिलचा (खांबावर बसवलेल्या, भोकं पाडायच्या मशीनचा) कपॅसिटर बदलणं हे तसं किरकोळ काम. दोन वायरी काढायच्या, दोन लावायच्या. वेळ लागतो तो शेजारी उभं राहून बघणाऱ्यांमुळे. माझ्याकडे एकच जण बघत होता, पण ते शेजारचे काका होते.

स्विच दाबला की मशीन नुसतं 'घूंऽऽ' करायचं, हलायचं नाव नाही. बेल्ट काढून मोटरची पुली हाताने फिरवली तर अगदी मोकळी. चालू करून लाकडी पट्टीने जरा ढकललं की पळायची. उलटं ढकललं तर तेवढ्याच आनंदाने उलटी. सिंगल फेज मोटरच्या मुख्य वाइंडिंगला, म्हणजे तारेच्या गुंडाळीला, स्वतःची दिशा नसते. ती मिळते दुसऱ्या वाइंडिंगमुळे, आणि त्यातल्या करंटची वेळ मागेपुढे करून देतो तो कपॅसिटर. तो मेला की मोटर कुणी ढकलेल तिकडे जाते. यावर एक राजकीय विनोद सुचला होता, पण तेवढ्यात काका आले.

"बेअरिंग गेलंय," दारातूनच निदान.

"काका, बेअरिंग मोकळं आहे. कपॅसिटर गेलाय."

"तेच म्हणतोय मी."

मी कपॅसिटरला बल्ब जोडून आधी चार्ज उतरवला. प्लग काढला तरी त्याच्यात झटका शिल्लक असू शकतो. काका वाकून बघत होते. बल्ब पेटलाही नाही.

"एवढंच? ठिणगी कुठाय? आम्ही पेचकस आडवा टाकायचो. फाट्! सगळं खातं रिकामं व्हायचं."

"आणि पेचकस?"

"पेचकस काय, कंपनीचा."

मग आकडा वाचायची वेळ आली. कपॅसिटरवर मायक्रोफॅरड (त्याच्या साठवणीचं माप) आणि व्होल्ट छापलेले असतात, ते वाचून तसाच नवा आणायचा, इतकं सोपं. फक्त हा आकडा मोटरच्या अंगाकडे तोंड करून बसवलेला होता, म्हणजे वर्षानुवर्षं उष्णतेने नेमकी तीच बाजू भाजली गेली. ज्याने हे डिझाइन केलं त्याने आयुष्यात एकही झाकण उघडलेलं नसणार. खिडकीशी तिरका धरून, भिंग लावून, अंगठ्याने काजळी पुसत शेवटी 16 आणि 450 एवढं उमटलं. मीटरवर उरले होते जेमतेम 3 मायक्रोफॅरड.

"सोळा? मोठा टाक. पंचवीसचा टाक. ताकद येईल."

"काका, मोठा टाकला तर त्या वाइंडिंगमधून जास्त करंट जाईल. मोटर तापेल, जळेल."

"मग व्होल्ट कमी कर."

इथे मी खरंच थांबलो. व्होल्टचा आकडा जास्त चालतो, कमी चालत नाही. मायक्रोफॅरड मात्र तेवढेच हवेत. म्हणजे काकांनी दोन्ही गोष्टी नेमक्या उलट सांगितल्या होत्या, आणि तेही एका दमात. ठरवूनही इतकं चुकता येत नाही. मी हे समजावलं. काकांनी मान डोलावली, आणि मागून आलेल्या काकूंना सांगितलं, "त्याला म्हटलं, जपून. जळेल."

राग मला काकांचा येत नाही. (येतो.) पण त्याहून जास्त येतो तो नव्या कपॅसिटरचा. आकडे तेच, पण अंग जाड. जुन्या पट्टीत तो मावत नाही, पट्टी वाकवली तर झाकणाला आतून टेकतो. मायक्रोफॅरडचं माप सगळ्यांनी मान्य केलंय, मग डब्याचं करायला काय हरकत होती? शेवटी पट्टी काढून टाकली आणि प्लास्टिकच्या टायने तो मोटरला आवळला. झाकण चारपैकी दोन स्क्रूंवर बसलं, तेही कडेला फट ठेवून. ती फट मी पुठ्ठ्याने बुजवणार नाही, नीट नवं झाकण करणार आहे, असं म्हणालो तेव्हा काका हसले. ते हसणं मला अजून खुपतंय.

स्विच दाबला. मशीन पहिल्याच झटक्यात फिरलं. बेल्ट चढवून लाकडात एक भोक पाडूनही दाखवलं. काका बराच वेळ कान देऊन ऐकत होते. मग त्यांची नजर टेबलावर गेली.

"दोन स्क्रू उरलेत तुझे. काहीतरी चुकलंय."

आणि ते काकूंना सांगायला गेले.