चमचाभर मॅग्नेशियम सल्फेट पिऊ नका

'रोज सकाळी चमचाभर मॅग्नेशियम सल्फेट पाण्यातून घ्या. रक्तातलं कॅल्शियम हाडांत जातं, टेन्शनचे हार्मोन बंद होतात, बीपीची गोळी सुटते. जास्त झालं तरी लघवीवाटे निघून जातं.' असा मेसेज मराठवाड्यातल्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. कपाशीवर लाल्या आला की आपण हेच फवारतो, त्यामुळे पिशवी घरातच असते. त्यात खताचा माल असतो, औषधाच्या शुद्धतेचा नव्हे. इथूनच धोका सुरू होतो.

कॅल्शियम हाडांत जातं? मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी रक्तातल्या कॅल्शियमवर लक्ष ठेवतात. मॅग्नेशियम फार वाढलं की त्यांना कॅल्शियमच वाढल्यासारखं वाटतं आणि त्या आपला हार्मोन आखडता घेतात. मग मूत्रपिंडं कॅल्शियम धरून ठेवत नाहीत. ते लघवीतून जातं आणि रक्तातलं प्रमाण उतरतं. मॅग्नेशियम फारच कमी झालं तरी याच ग्रंथी मंदावतात, कॅल्शियम तेव्हाही घसरतं.

टेन्शनच्या हार्मोनबाबत थोडं तथ्य आहे. अ‍ॅड्रेनलिन सुटायला ग्रंथीच्या पेशीत कॅल्शियम शिरावं लागतं, मॅग्नेशियम ती वाट अडवतं. म्हणून अ‍ॅड्रेनलिन सोडणाऱ्या गाठीच्या ऑपरेशनमध्ये भूलतज्ज्ञ ते शिरेतून देतात, मॉनिटर लावून. प्यायलेल्या चमच्यातलं बरंचसं आतड्यात शोषलंच जात नाही, जुलाब मात्र होतात. त्यावर विसंबून बीपीची गोळी सोडू नका, लकव्याचा धोका आहे.

सगळ्यात घातक आहे ते शेवटचं वाक्य. निघून जातं, पण मूत्रपिंडं धड असली तर. शुगर-बीपीची माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत आणि मूत्रपिंड निम्मं थकलं तरी बाहेरून कळत नाही. त्यासाठी क्रिएटिनिन तपासावं लागतं. झटके येणाऱ्या गरोदर बाईला दवाखान्यात हेच मॅग्नेशियम सल्फेट जीव वाचवायला देतात. पण पुढचा डोस देण्याआधी सिस्टर गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का पाहते, श्वास मोजते, लघवी किती झाली ते बघते. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन हाताशी असतं. कारण प्रमाण चढत गेलं तर आधी पायाची ती उसळी जाते, मग श्वास थांबतो, शेवटी हृदय. घरी चमच्याने पिणाऱ्यावर एवढी नजर कोण ठेवणार?

ज्वारी-बाजरीची भाकरी, तीळ, शेंगदाणे यांतून मॅग्नेशियम भरपूर मिळतं. गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून. कुणी हे पाणी पिऊन गुंगीत गेलं, हातपाय लुळे पडले किंवा श्वास संथ झाला, तर तडक दवाखान्यात न्या आणि पिशवी सोबत ठेवा.