चौथ्या महिन्यातली पेज आणि रात्रभराची झोप: एका फिरत्या सल्ल्याला उत्तर

रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत नव्या आयांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक सल्ला सतत फिरत असतो. त्याचा गाभा असा: बाळ चौथ्या महिन्यात रात्री तीन-तीनदा उठतंय म्हणजे अंगावरचं दूध त्याला पुरत नाही. झोपवताना नाचणीसत्त्वाची पातळ पेज बाटलीतून पाजा, सोबत जायफळाचे चार वळसे द्या. पोट जड राहतं, बाळ सकाळपर्यंत उठत नाही, आणि मग रात्रीचं दूधही तोडता येतं. आपल्या आज्या हेच करत आल्या.

नाचणीबद्दल आमची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती महिन्याबद्दल, पातळपणाबद्दल आणि बाटलीबद्दल. जायफळाबद्दल तर सगळ्यात जास्त.

“रात्री उठतं म्हणजे दूध पुरत नाही.” तीन-चार महिन्यांच्या सुमाराला बाळाच्या झोपेची घडणच बदलते. गाढ आणि हलकी झोप आलटून पालटून येऊ लागते. असा एक फेरा साधारण ५० ते ६० मिनिटांचा असतो आणि दोन फेऱ्यांच्या सांध्यावर बाळ अर्धवट जागं होतं. याच वयात त्याला भोवतालचं जग दिसायला लागतं. दिवसा पदराखाली घेतलं की दोन घोट घेऊन मान वळते, कधी पंख्याकडे, कधी ओटीवर कोण आलं त्याकडे. दिवसा राहिलेलं दूध ते रात्री वसूल करतं. यावर उपाय पेज नव्हे. दिवसातून दोन-तीन वेळा तरी माजघरात, अंधार करून, कुणाशी न बोलता पाजावं.

दूध पुरतंय का हे झोपेवरून ठरत नाही. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होतेय का आणि माता-बाल संरक्षण कार्डावरची वजनाची रेघ वर चढतेय का, एवढं पाहावं. अंगणवाडीत वजन करून घ्या. रेघ आडवी झाली असेल तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना दाखवून बाळ छातीला नीट धरतंय का ते तपासायला हवं. तिथे पेज देणं म्हणजे मूळ दुखणं झाकणं. आणि वैशाखात बाळ उठलं तर आधी त्याच्या पाठीखाली हात घाला. किनारपट्टीच्या दमट हवेत दुपटं घामाने भिजलेलं असतं, पुष्कळदा कारण एवढंच असतं.

“पोट जड राहतं.” या वाक्यावर सगळा सल्ला उभा आहे, म्हणून हिशोबच मांडू. बाटलीच्या बुचातून, म्हणजे निपलमधून, पेज उतरायची तर ती पाण्यासारखीच हवी. १०० मिलिलिटर पाण्यात एक छोटा चमचा पीठ, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम. त्यातून बाळाला मिळतात जेमतेम १० कॅलरी. तेवढ्याच आईच्या दुधात ६५ ते ७० कॅलरी असतात, शिवाय स्निग्धांश, प्रथिनं आणि रोगाशी लढणारे घटक असतात. लोह म्हणावं तर १०० ग्रॅम नाचणीत ते साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास असतं. तीन ग्रॅमात काय येणार? चार महिन्यांच्या बाळाचं पोट लहान. त्यात १०० मिली पेज गेली की तेवढं दूध कमी जातं. जड वाटतं ते पाणी आहे. बाळाला आपण जास्तीचं काही देत नाही, उलट काढून घेतो.

“पेज दिली की सकाळपर्यंत उठत नाही.” हे मोजून पाहिलं गेलं आहे. १९८९ मध्ये अमेरिकेत १०६ बाळांचे दोन गट केले. एका गटाला पाचव्या आठवड्यापासून झोपताना बाटलीतून धान्याचं पीठ दिलं, दुसऱ्याला चौथ्या महिन्यापासून. रात्रभर झोपण्यात फरक दिसला नाही. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या ७१५ आयांच्या पाहणीत सहा ते बारा महिन्यांची ७८ टक्क्यांहून जास्त बाळं रात्री किमान एकदा उठत होती. दिवसा जास्त खाणारी बाळं रात्री दूध कमी मागत, पण म्हणून कमी उठत होती असं आढळलं नाही. पोट भरणं आणि सलग झोपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या निष्कर्षातून फार स्वच्छ दिसतं.

उलट बाजूचा पुरावाही सांगायला हवा. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्याच १,३०३ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिसऱ्या महिन्यापासून वरचं अन्न मिळालेली बाळं थोडी जास्त झोपली. थोडी म्हणजे किती? सहाव्या महिन्यात, जेव्हा फरक सर्वांत जास्त होता तेव्हा, रात्रीला सुमारे १७ मिनिटं. उठणं दोन वेळांवरून पावणेदोनवर आलं. झोपेची नोंद पालकांनीच केली होती आणि आपलं बाळ कोणत्या गटात आहे हे त्यांना ठाऊक होतं. शिवाय त्या बाळांना अंडं, मासा, शेंगदाणा, गहू, दही आणि तीळ असे पदार्थ दिले होते, बाटलीतली पातळ पेज नव्हे. सतरा मिनिटांसाठी चार महिन्यांच्या बाळाचं दूध कमी करणं आम्हाला पटत नाही.

बाटली. पेज उतरावी म्हणून बुचाचं भोक सुईने मोठं करतात. मग धार आवरत नाही, बाळाला ठसका लागतो, पेज श्वासनलिकेत जाऊ शकते. बुचाच्या कडेत अडकलेला पिठाचा थर आंबतो आणि जुलाब सुरू होतात. ज्याला वाटी-चमच्याने खाता येत नाही ते बाळ अजून अन्नासाठी तयार नाही, इतकं सरळ आहे.

जायफळ. बाळ झोपतं ते खरं, पण ती पोट भरल्याची झोप नसते, गुंगी असते. जायफळातलं मिरिस्टिसिन मेंदूवर काम करतं. प्रमाण वाढलं की छातीत धडधड, तोंडाला कोरड, बेचैनी अशी विषबाधेची लक्षणं दिसतात. सहाणेवरचा वळसा मोजता येत नाही: आजीचा हात हलका, मावशीचा जड, आणि जायफळ कधी ओलसर, कधी तेलकट. पाच-सहा किलोच्या जिवावर हा अंदाज चालवू नये. दारच्या झाडाचं आहे म्हणून ते निर्धोक होत नाही. मधाचंही तसंच, वर्षाच्या आत तो चाटवूसुद्धा नये.

“रात्रीचं दूध तोडता येतं.” दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची पातळी रात्री जास्त असते. रात्रीचं पाजणं एकदम थांबलं की काही दिवसांत दिवसाचं दूधही आटू लागतं, आणि मग “बघा, पुरत नव्हतंच” असं सगळे म्हणतात. आणखी एक गोष्ट घरात कुणी बोलत नाही. पहिल्या सहा महिन्यांत, पाळी आलेली नसताना, फक्त अंगावर पाजत असल्यास आणि दोन पाजण्यांत दिवसा चार, रात्री सहा तासांहून जास्त अंतर पडत नसल्यास पुन्हा दिवस राहण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आसपास असते. पेज सुरू करून रात्रीचं दूध तोडलं की हे संरक्षण गेलं. सल्ला देणाऱ्याने निदान एवढं तरी बाळंतिणीला सांगायला हवं.

“आज्या हेच करत.” आज्यांनी उष्टावण ठरवलं होतं मुलाचं सहाव्या-आठव्या महिन्यात, मुलीचं पाचव्या-सातव्या. मामाच्या मांडीवर बसवून खीर चाटवायची ती मान धरणाऱ्या बाळाला. चौथ्या महिन्यातली बाटली ही त्यांची रीत नव्हे.

आता सहा महिने, म्हणजे १८० दिवस पूर्ण झाल्यावर काय करायचं ते. मान स्थिर आहे, आधाराने बसतं, चमचा लावला की जिभेने बाहेर ढकलत नाही, ही तयारीची खूण. जन्मतः साठवलेलं लोह या सुमाराला संपत येतं, अन्न सुरू करायचं ते मुख्यतः यासाठी.

घट्टपणाची परीक्षा सोपी आहे. चमचा तिरका केला तर घास ओघळता कामा नये. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोन वेळा, आधी दूध मग घास. आठव्या महिन्यापर्यंत वरच्या अन्नातून दिवसाला २०० कॅलरी पुरतात, बाकी दूधच.

नाचणी दोन तऱ्हांनी करतात. भिजवून, वाटून, फडक्यातून पिळून खाली बसलेला साका वाळवला की ते बहुतेक पिष्ट असतं, चोथ्याबरोबर बरंच सत्त्व टाकून दिलेलं असतं. त्यापेक्षा रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून एक-दीड दिवस मोड आणा, सावलीत वाळवा, दळून चाळा. या पिठाचे दोन मोठे चमचे दीड वाटी गार पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत शिजवा. मोड आल्यावर तयार होणारं विकर (एन्झाइम) पिष्ट, म्हणजे स्टार्च, तोडतं, त्यामुळे जास्त पीठ घालूनही गोळा होत नाही. दळण्याआधी धान्य खरपूस भाजलंत तर हे विकर मरतं. उतरवताना एक छोटा चमचा तूप किंवा खोबरेल तेल घाला, त्याने ४० कॅलरी वाढतात. मीठ, साखर, गूळ नको. पावसाळ्यात पीठ आठवड्यापुरतंच दळा. वास कुबट आला तर टाकून द्या, बुरशीचं पीठ भाजून सुधारत नाही.

नुसत्या नाचणीवर लोह भागत नाही. मऊभातात मूगडाळ आणि वरून लिंबाचे दोन थेंब, आठवडाभराने अंडं, मग वाफवलेलं पापलेट: मधला काटा काढून मांस बोटांच्या चिमटीत कुस्करत जा, बारीक काटा डोळ्यांआधी बोटांना लागतो. मोरी (शार्क मासा) नको, त्यात पारा साठतो. खारवलेली सुकी मासळीही नको. नवा पदार्थ सकाळी द्या, म्हणजे पुरळ किंवा उलटी झाली तर दवाखाना उघडा असताना कळेल.

अन्न सुरू झाल्यावर काही दिवस बाळ रात्री जास्तच उठतं. शी खडे खडे होते, पोट दुखतं. एकाच दिवशी केळं, भात आणि नाचणी असा मारा केला की हमखास. तेव्हा वाटीने उकळून गार केलेल्या पाण्याचे चार-सहा घोट, दुपारी पिकलेली पपई, आणि दूध नेहमीप्रमाणे. शेवटचा घास साडेसहा-सातपर्यंत भरवून मोकळं व्हा, झोप त्यानंतर तासा-दीड तासाने. रात्री एक-दोनदा उठून दूध मागितलं तर दिवा न लावता पाजा आणि पुन्हा निजवा.