आत्या, सावली म्हणजे अंधार नव्हे

‘सावलीतल्या झाडांना उजेड लागतच नाही. घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात किंवा उत्तरेच्या गॅलरीत ठेवा, रोज पाणी घाला, रात्रभर ऑक्सिजन घ्या. नासाने सिद्ध केलंय!’ हा मेसेज तीन ग्रुपवर आला, तिन्ही वेळा मी गप्प बसलो. पण परवा कोथरूडला आत्याकडे गेलो, तर तिची पीस लिली बाथरूमकडच्या बोळात, चपलांच्या रॅकशेजारी! जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनातून आणली तेव्हा चार फुलं होती. आता पानं पिवळी, देठ लुळे, मातीवर चिलटं. “अरे, सावलीचं झाड ना ते?”

सावलीचं आहे, तळघरातलं नाही. नेचे, मरांटा, पीस लिली मोठ्या झाडांखाली वाढतात. तिथे पानांतून झिरपलेला उजेड दिवसभर मिळतो. दुपारच्या उघड्या उन्हात साधारण १ लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, गॅलरीच्या सावलीत काही हजार, आणि त्या बोळात शंभरही नसेल. आपले डोळे जुळवून घेतात म्हणून फरक कळत नाही. उजेड मोजायचा मीटर विकत आणू नका. भर दुपारी कुंडीच्या फूटभर वर हात धरा. सावली काळी, रेखीव पडली तर ते थेट ऊन. पुसट पण पंजा ओळखू येण्याइतकी पडली तर जागा योग्य. पडलीच नाही तर कुंडी उचला.

रोज पाण्याचं तर विचारूच नका. उजेड नाही तर झाड पाणी पिणार कसं? कुंडी उपडी केली. मुळं तपकिरी, चिमटीत धरून ओढली की साल सुटून आत दोरा उरायचा.

थेट दुपारचं ऊन नको, एवढं त्या मेसेजात खरं आहे. पण उत्तरेची गॅलरी बिनधास्त म्हणणाऱ्याने पुण्यातला मे बघितलेला नाही. आपल्याकडे १३-१४ मेच्या सुमारास शून्य सावली दिवस असतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारी बारालाही थोडा उत्तरेलाच असतो. ढग येईपर्यंत सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन त्या गॅलरीत घुसतं आणि नेच्याची टोकं करपतात. तेवढे दिवस ऊन अडवणारी जाळी बांधा.

राहिली नासा. १९८९चा तो अभ्यास बंद पेट्यांमधल्या बेंझिन, फॉर्मल्डिहाइडसारख्या वायूंचा होता. रात्रीच्या ऑक्सिजनचा त्यात संबंध नाही. स्नेक प्लांटसारखं एखादं झाड रात्री कार्बन डायऑक्साइड घेतं, मान्य. ऑक्सिजन मात्र उजेडातच तयार होतो.

कुजकी मुळं कापून, नवी माती घालून लिली हॉलच्या पूर्वेच्या खिडकीत, पडद्याआड ठेवली आहे. एक कोंब हिरवा आहे.

“मग बोळात काय ठेवू?” आत्या.

चपला आहेत की!