नक्श-ए-रुस्तमला पंधरा मिनिटं? अजिबात नाही

इराणमध्ये पर्सेपोलिस या प्राचीन राजधानीच्या अवशेषांजवळ नक्श-ए-रुस्तम हा राजांच्या कबरी कोरलेला कडा आहे. तिथल्या सहलीबद्दल एक सल्ला ग्रुपाग्रुपांत फिरतोय: ‘पर्सेपोलिस झालं की नक्श-ए-रुस्तमला पंधरा मिनिटं पुरे. कड्यावर चार एकसारखी थडगी, आत सोडत नाहीत, खाली तेच ते घोडेस्वार. पर्सेपोलिसमध्ये नाही असं काही तिथे नाही.’ बसवाल्याच्या वेळापत्रकाला हा सल्ला सोयीचा आहे, एवढंच.

‘आत सोडत नाहीत.’ खरंय. पण कबरी केव्हाच रिकाम्या झाल्यात आणि बघण्यासारखं सगळं बाहेरच कोरलंय. प्राचीन इराणचा सम्राट दारियस पहिला याच्या कबरीवरचा लेखच सांगतो की, या राजाकडे किती देश होते असा प्रश्न पडला, तर सिंहासन पेलणाऱ्या आकृत्या बघ. त्या आकृत्या दोन रांगांत हात वर करून उभ्या आहेत, प्रत्येकाचा पोशाख त्याच्या मुलखाचा. उघड्या अंगाचा सिंधचा माणूसही त्यांत आहे.

‘चारही सारखी.’ हो, पुढच्यांनी दारियसची नक्कल केली. नाव फक्त त्याच्या कबरीवर आहे. बाकी तीन झेरक्सिस, अर्तझेरक्सिस पहिला आणि दारियस दुसरा यांच्या असाव्यात, असा अंदाज. वेळ कमी असेल तर दारियसची एकच नीट बघा.

‘पर्सेपोलिसमध्ये सगळं आहे.’ तिथली छपरं इ.स.पू. ३३० मध्ये अलेक्झांडरच्या वेळच्या आगीत गेली. बैलांच्या शीर्षांचे खांब आणि त्यांवरचं छत अशी महालाची अख्खी दर्शनी बाजू या कड्यावर शाबूत आहे.

‘तेच ते घोडेस्वार’ हे तर सगळ्यात चुकीचं. हे इराणच्या नंतरच्या सासानी घराण्याचे राजे, दारियसनंतर सुमारे सातशे वर्षांनी आलेले. त्यांतल्या अर्दशीरच्या शिल्पात राजा आणि त्यांचा देव अहुरा मज्दा समोरासमोर घोड्यांवर. राजाच्या घोड्याखाली आधीच्या पार्थियन घराण्याचा हरलेला राजा, देवाच्या घोड्याखाली दुष्ट शक्ती अह्रिमन. म्हणजे माझा शत्रू तोच देवाचा शत्रू. राजकीय जाहिरात यापेक्षा उघड काय असणार! दुसऱ्या एका शिल्पात सासानी राजा शापूर पहिल्याने रोमन सम्राट व्हॅलेरियनचं मनगट धरलंय. हा सम्राट २६० साली जिवंत पकडला गेला होता. याच घराण्यातल्या बहराम दुसऱ्याने तर दारियसच्याही कितीतरी आधीचं, एलाम या प्राचीन राज्यातलं शिल्प तासून स्वतःचा दरबार कोरला. उजव्या कडेला जुन्यातला एक माणूस तसाच राहिलाय, शोधावा लागतो.

उंचीची तक्रार मात्र रास्त आहे. वरचं बारीक काम जमिनीवरून नीट दिसत नाही. दुर्बीण न्या.