'कंपनी 30 टक्के पॉवर लॉक करून ठेवते' म्हणे! त्या फॉरवर्डला मुद्द्यागणिक उत्तर

गाडीवाल्या ग्रुप्सवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा: गाडीच्या ईसीयूमध्ये (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) कंपनीने 30 टक्के पॉवर सॉफ्टवेअरने लॉक केलेली असते, म्हणजे महागडं मॉडेल विकता येतं. कंपनीचे इंजिनियर 'इंका' नाहीतर 'कॅनेप' नावाचं सॉफ्टवेअर लावून ती दहा मिनिटांत उघडतात, तेच सॉफ्टवेअर आता बाहेर मिळतं. पॉवरबरोबर मायलेजही वाढतं, सर्व्हिसला जाताना जुनी फाईल परत टाकली की कुणाला पत्ता लागत नाही, पीयूसीसुद्धा पास होते. आणि शेवटी, फोक्सवॅगनने केलं ते चालतं मग आपण केलं तर काय झालं!

मी पुण्यात कॅलिब्रेशनच्याच, म्हणजे ईसीयूतले आकडे इंजिनला नीट बसवायच्या कामात आहे, हीच सॉफ्टवेअर्स दिवसभर समोर उघडी असतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

"30 टक्के पॉवर लॉक केलेली असते"

एकच इंजिन दोन पॉवरमध्ये विकतात हे खरंय, आणि काही गाड्यांत फरक खरंच फक्त डेटासेटचा, म्हणजे ईसीयूतल्या आकड्यांचा असतो, ते नाकारत नाही. पण या वादात हटकून ज्याचं नाव निघतं ते 1.3 मल्टिजेट घ्या, आपल्या रांजणगावात बनायचं ते. 75 पीएस आणि 90 पीएस. "सेम इंजिन आहे रे, फक्त सॉफ्टवेअर" हे कितीतरी जणांनी छातीठोक सांगितलेलं ऐकलंय. अहो, 75 वाल्याला साधा फिक्स्ड टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आणि 90 वाल्याला पात्यांचा कोन बदलणारा व्हेरिएबल जिओमेट्री टर्बो, हा काय लॅपटॉपमधून बदलणार आहे का?

आता जी मार्जिन खरंच शिल्लक असते ती कशासाठी ते बघा. हीच गाडी मे महिन्यात राजस्थानात एसी फुल्ल लावून पाच माणसं घेऊन चालणार, आणि हीच गाडी कोणीतरी खारदुंग ला वर घेऊन जाणार जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. तिथे तोच बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) द्यायचा म्हटलं तर टर्बोला कितीतरी जास्त वेगाने फिरावं लागतं, म्हणून उंचीप्रमाणे बूस्ट आणि डिझेल कमी करणारे मॅप, म्हणजे आकड्यांचे तक्ते असतात. टर्बो पेट्रोलमध्ये टर्बाइनच्या तोंडाशी गॅस 950 अंशांच्या घरात जातो, त्याच्यावर गेला की पार्ट जळणार, म्हणून तिथे मुद्दाम जास्तीचं पेट्रोल मारून थंड ठेवतात. वर हायवेच्या कुठल्यातरी पंपावरचं संशयास्पद इंधन, एका इंजेक्टरपासून दुसऱ्यात असलेला बारीक फरक, जुना होत जाणारा सेन्सर, आणि बीएस-6 मध्ये 1 लाख 60 हजार किलोमीटरपर्यंत उत्सर्जन हद्दीत ठेवायची अट. मार्जिन या सगळ्यात खर्च होते. तुमची गाडी नवीन आहे, थंडीचे दिवस आहेत आणि तुम्ही एकटेच एक्सप्रेसवेवर आहात त्या दिवशी ती शिल्लक दिसते, एवढंच.

आणि टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल गाडीत तर 30 टक्के हा निव्वळ विनोद आहे. तिथे हवाच तेवढी येते हो, सॉफ्टवेअर हवा कुठून आणणार.

"इंका मिळालं की झालं"

इथे मेसेज लिहिणाऱ्याने काम जवळून बघितलेलंच नाही हे लगेच कळतं. इंका हे ईटासचं, कॅनेप व्हेक्टरचं, दोन्ही कंपन्या जर्मनीत श्टुटगार्टच्या. ही सॉफ्टवेअर्स मुळात दोनच गोष्टी करतात: चालू इंजिनमधल्या ईसीयूच्या आतले आकडे मोजून दाखवतात आणि आतले आकडे बदलू देतात. कोणता आकडा किती असावा हे ती सांगत नाहीत.

आणि आकडा कुठे आहे हेसुद्धा त्यांना स्वतःहून कळत नाही. त्यासाठी ए-टू-एल फाईल लागते. ईसीयूची मेमरी म्हणजे नुसता बायटांचा ढीग, कुठल्या पत्त्यावर कुठला मॅप, त्याच्या अ‍ॅक्सिसवर काय, आतल्या 1250 चा अर्थ 1250 बार की 12.5 मिलिग्रॅम, हे सगळं त्या ए-टू-एल मध्ये लिहिलेलं असतं. ती फाईल त्या एका सॉफ्टवेअर व्हर्जनचीच चालते. कंपनीने मधे एक अपडेट दिला की पत्ते सरकले, आणि जुनी फाईल लावून तुम्ही ज्याला स्मोक लिमिट (धुराची मर्यादा) समजून वाढवताय ते कदाचित भलतंच काहीतरी असेल.

बरं, आम्ही टेस्ट बेडवर मॅपमध्ये आकडा टाकून एंटर मारला की इंजिनचा आवाज त्याच क्षणी बदलतो, त्याचे व्हिडिओ बघून लोकांना वाटतं किती सोप्पंय. ते डेव्हलपमेंट ईसीयू असतं. त्यात फ्लॅशमधला (कायमच्या मेमरीतला) डेटा रॅममध्ये आरशासारखा धरलेला असतो, रेफरन्स पेज आणि वर्किंग पेज अशी दोन पानं, वर्किंगवर खेळा आणि काही बिनसलं तर एका क्लिकला रेफरन्सवर या. शोरूममधून निघालेल्या गाडीत ही सोय सहसा नसते, एक्ससीपीचा (इंकासारखी सॉफ्टवेअर्स ईसीयूशी ज्या भाषेत बोलतात तिचा) दरवाजा बंद नाहीतर सीड-अँड-की च्या कुलुपात, म्हणजे ईसीयूने विचारलेल्या आकड्याला बरोबर उत्तर आलं तरच उघडणार. गंमत म्हणजे एक्ससीपी हा प्रोटोकॉल गुपित नाहीये, असाम (ASAM) या गाड्यांच्या क्षेत्रातली स्टँडर्ड्स ठरवणाऱ्या संस्थेचं स्टँडर्ड आहे 2003 पासूनचं, पायथनमध्ये त्याची फुकट ओपन सोर्स लायब्ररीसुद्धा मिळते. म्हणजे अडतं ते सॉफ्टवेअरपाशी नाहीच, अडतं किल्ली आणि ए-टू-एल पाशी.

त्यामुळे बाहेरचे रीमॅपवाले, म्हणजे ईसीयूतले आकडे बदलून पॉवर वाढवून देणारे, इंका वापरतच नाहीत. ते पूर्ण फ्लॅश वाचून घेतात आणि विनओएलएस सारख्या टूलमध्ये आकड्यांचे आकार बघून अंदाज बांधतात की हा डोंगरासारखा दिसतोय तो बूस्टचा मॅप असावा. त्यातले काही लोक खरंच हुशार आहेत, डायनो (ताकद मोजायचं यंत्र) आहे, लॅम्बडा (हवा-इंधनाचं प्रमाण) मोजतात, गॅसचं तापमान मोजतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण दहा मिनिटांत फाईल टाकून देणारा माणूस काहीच मोजत नसतो, तो कुणाकडून तरी आलेली तयार फाईल टाकतो.

ओबीडीचा (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचा) स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल घेऊन "मी पण लॉगिंग करतो" म्हणणाऱ्यांना एकच सांगतो, तो विचारतो आणि ईसीयू सवडीने उत्तर देतं, सेकंदाला मोजकी रीडिंग. आम्ही दर 10 मिलिसेकंदाला किंवा थेट क्रँकच्या फिरण्याला बांधून शेकडो सिग्नल एकत्र मोजतो. एका सायकलमध्ये झालेलं नॉकिंग (सिलिंडरमध्ये अवेळी होणारा स्फोट) डोंगलला दिसणार नाही, पिस्टनला मात्र जाणवतं.

"मायलेजही वाढतं"

हा माझा सगळ्यात आवडता मुद्दा कारण यात लोक खोटं बोलत नसतात, त्यांना स्क्रीनवर खरंच वाढलेलं दिसतं. मीटरवरचं मायलेज कुठून येतं? टाकीत कोणी मोजायला बसलेलं नसतं, ईसीयू स्वतःच्या हिशोबाने "मी एवढं डिझेल मारलं" असं सांगतं त्यावरून येतं. आता ट्यूनरने रेल प्रेशर (इंजेक्टरपाशी डिझेलचा दाब) आणि इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा याचं गणित बदलून ठेवलं, तर ईसीयूला वाटतं 40 मिलिग्रॅम मारलं आणि प्रत्यक्षात जातं 46. (आकडे समजण्यापुरते.) पॉवर वाढली, स्क्रीनवर मायलेज पण वाढलं, मालक खूश! टाकी कट-टू-कट भरून बघा, एकाच पंपावर, निदान तीन-चार टाक्या, मग बोलू.

डिझेलवाल्यांना याचा आणखी एक फटका आहे. डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी किती साठली हे ईसीयू बरंचसं मॉडेलवरून ठरवतं, आणि ते मॉडेल मूळ डेटासेटच्या धुराप्रमाणे बसवलेलं असतं. तुम्ही धूर वाढवला पण मॉडेलला ते माहितीच नाही, मग फिल्टर हिशोबापेक्षा आधी भरतो, सारखं रीजनरेशन (काजळी जाळून फिल्टर साफ करणं) लागतं, त्यासाठी उशिरा मारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका.

"फोक्सवॅगनने केलं ते चालतं"

चाललं नाही ना पण! टेस्ट चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी करणारं सॉफ्टवेअर त्यांनी डिझेल गाड्यांत टाकलं होतं. सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेच्या ईपीएने (पर्यावरण संस्थेने) नोटीस काढली, त्याआधी 2013 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या लोकांनी डिकीत मोजणीयंत्र टाकून रस्त्यावर गाड्या चालवल्या होत्या त्यातून हे बाहेर आलं. भारतातसुद्धा 3 लाख 23 हजारांवर गाड्या परत बोलवायची घोषणा त्याच वर्षी झाली. आणि कोड कसा होता ते 2017 च्या एका रिसर्च पेपरमध्ये नीट मांडलंय: वेळ आणि कापलेलं अंतर याचा आलेख टेस्ट सायकलशी जुळतो का ते बघायचं, पुढे पुढे तर स्टिअरिंग फिरतंय का तेही बघायचं, आणि या सगळ्याला कागदोपत्री नाव काय, तर आवाजासंबंधीचं फंक्शन. हे शोधताना संशोधकांच्या कामी काय आलं? बाहेर फुटलेल्या ए-टू-एल फाईली आणि फंक्शन शीट्स. तेव्हा कंपन्या साधू असतात असं मी म्हणत नाही. पण त्या प्रकरणामुळेच पुढे रस्त्यावरच्या टेस्ट कडक झाल्या, आपल्याकडे एप्रिल 2023 पासून त्या लागू आहेत, आणि त्यानंतर कॅलिब्रेशनमध्ये वळवळ करायला जागा आणखी कमी झाली.

"जुनी फाईल टाकली की कळत नाही"

कळतं. किती वेळा फ्लॅश मारलंय याचा काउंटर बऱ्याच ईसीयूत असतो आणि तो मागे जात नाही. शिवाय कॅलिब्रेशन आयडी आणि त्याच्या सोबतचा चेकसम (फाईलच्या आकड्यांवरून काढलेला पडताळणी आकडा) साध्या ओबीडी स्कॅनरवर वाचता येतो, फाईल बदलली आणि तो जुळला नाही तर प्रश्न सुरू. आता प्रत्येक सर्व्हिस सेंटर हे तपासतं का, नाही. पण टर्बोचा मोठा क्लेम आला की डेटा वर पाठवतात, आणि वर बसलेल्याला कुठे बघायचं ते माहीत असतं.

"पीयूसी पास होते"

होणारच की. डिझेलच्या पीयूसीला उभ्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर मारून फक्त धुराचा काळेपणा बघतात, नॉक्स (नायट्रोजनचे ऑक्साइड) मोजतच नाहीत.