४८ तासांत दगडाचं रत्न? त्या फॉरवर्डचा मुद्देसूद समाचार

'ड्रम फिरवा, पैसा मिळवा' हा मेसेज व्हिडिओसकट सोलापुरातल्या बहुतेक ग्रुपांवर फिरून झालाय. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुन्या वॉशिंग मशीनची मोटर काढा आणि ती थेट दोनशे लिटरच्या पत्र्याच्या ड्रमला जोडा. ड्रममध्ये कुठलेही दगड, नदीची वाळू आणि पाणी भरा. ४८ तास फिरवा, शेवटी मूठभर कपडे धुण्याची पावडर टाका, की दगड रत्नासारखे चमकतात. वीज बल्बइतकी लागते, आवाज येत नाही, घराच्या कोपऱ्यात मावतं आणि महिन्याला पन्नास हजार सुटतात.

दगड घोटायचा मोठा ड्रम घरी बनवता येतो, एवढं मी आधीच मान्य करतो. सोलापुरात तर तो इतर गावांपेक्षा सोपा आहे. पण मेसेजनं वेळ, वाळू, मोटर आणि कमाई याबद्दल जे सांगितलंय, ते ऐकून कुणी कामाला लागला तर हातात गाळ आणि वीजबिल एवढंच उरेल.

आधी तो व्हिडिओच बघू. शेवटी ज्या परातीत दगड ओतलेत, तिथे जरा थांबवून बघा. दगड ओले आहेत. सगळी जादू तिथेच आहे. घासलेल्या दगडावर डोळ्याला न दिसणारे बारीक ओरखडे असतात. उजेड त्यांच्यावर पडला की चहूकडे विखुरतो, म्हणून दगड राखाडी, मळकट दिसतो. ओरखड्यांत पाणी भरलं की विखुरणं कमी होतं आणि रंग उठून दिसतो. खोबरेल तेलाचा हात फिरवला तरी तेच होतं, फक्त जास्त वेळ टिकतं. म्हणून दगड साबणाने धुवा, उन्हात सुकवा आणि मग ट्यूबलाइटखाली धरा. त्यात ट्यूबची रेघ कडेसकट स्वच्छ दिसली तर पॉलिश झालंय. धूसर पांढरा पट्टा दिसला तर काम अर्धवट आहे. व्हिडिओवाल्याने सुकलेला दगड एकदाही दाखवलेला नाही.

आता '४८ तास'. फिरत्या ड्रममध्ये दगड टप्प्याटप्प्याने घोटला जातो. पहिल्या टप्प्यात सिलिकॉन कार्बाइडची ६० ते ९० नंबरची भरड पावडर घालतात (नंबर वाढेल तशी पावडर बारीक), त्यात कंगोरे जाऊन आकार येतो. त्यालाच कमीत कमी एक आठवडा लागतो. दगड फारच वेडेवाकडे असतील तर पावडर बदलून दुसरा, तिसरा आठवडाही जातो. मग १२० ते २२० नंबर, मग ५०० ते ६०० आणि शेवटी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा सेरियम ऑक्साइडची पॉलिश पावडर. प्रत्येकाला साधारण आठवडा धरा. म्हणजे एक घाणा महिना-दीड महिन्याचा. शिवाय दोन टप्प्यांच्या मध्ये ड्रम, झाकण आणि एकेक दगड ब्रशने धुवावा लागतो, कारण आधीची भरड पावडर कणभर जरी राहिली तरी पुढचा अख्खा आठवडा ती नवे ओरखडे पाडत बसते. बहुतेकांचं काम बिघडतं ते या धुण्यात.

यात आळसाचा किंवा जुनाट पद्धतीचा भाग नाही. गुजरातेत खंभातला अकीकाचे, म्हणजे अगेट दगडाचे, मणी शतकानुशतकं घडतात. तिथे पूर्वी मणी आणि घासायची पूड कातडी पिशवीत भरून दोन माणसं ती पिशवी दिवसेंदिवस पुढे-मागे लोळवत. आता तिथेही विजेवर फिरणारे ड्रम आहेत, पण दिवस मोजावेच लागतात. कंपनाने चालणारी मशीन या ड्रमपेक्षा लवकर पॉलिश देते हे खरं, पण ती दगडाला गोलाई देत नाही, आणि मेसेजमधलं यंत्र ते नव्हेच.

वाळूचं उत्तर तर भीमेच्या पात्रातच पडलंय. वाळूने आणि पाण्याने दगड चमकले असते तर भीमा-सीनेच्या काठचे गोटे आरशासारखे दिसले असते. ते गुळगुळीत असतात पण निस्तेज असतात, आणि तेवढ्यालाही नदीला किती पावसाळे लागले असतील! मोहसच्या काठिण्यमापावर (सगळ्यात मऊ एक, हिरा दहा) अकीक साडेसहा ते सात आणि गारेची, म्हणजे क्वार्ट्झची, वाळूही सात. बरोबरीचा बरोबरीच्याला काय कापणार? त्यात आपल्याकडची वाळू निव्वळ गारेची नसते. काळ्या खडकाचे मऊ कणही तिच्यात भरपूर असतात आणि वाहून वाहून कणांच्या धारा गेलेल्या असतात. सिलिकॉन कार्बाइडचं काठिण्य नऊच्या वर आहे आणि त्याचा कण फुटला तरी नवी धारदार कड तयार होते. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसनने १८९१ मध्ये ते विजेच्या भट्टीत बनवलं आणि त्याला कार्बोरंडम नाव दिलं. वर्कशॉपमधली माणसं अजून तेच नाव घेतात. दगडाच्या वजनाच्या साधारण पाच ते आठ टक्के पावडर एका टप्प्याला लागते. म्हणजे ३० किलो दगडांना पहिल्याच फेरीत दीड ते अडीच किलो. ड्रम एकदाच बनतो, पावडर मात्र दर घाण्याला विकत घ्यायची. हा खर्च मेसेजने वाळूखाली पुरून टाकलाय.

'कुठलेही दगड' हे वाक्य वाचून मला सगळ्यात जास्त राग आला, कारण सोलापूरच्या माणसाला दगड ओळखायला शिकवण्याची संधीच त्यात घालवलीय. आपण दख्खनच्या काळ्या खडकावर बसलोय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत हे. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांच्यात खनिजं साठली. त्यामुळे एकाच विहिरीच्या मातीच्या ढिगात चार जातींचा माल सापडतो, आणि चौघांची वागणूक वेगळी.

खुद्द काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, गोल छान होतो पण काचेसारखी चमक घेत नाही. तो एकजिनसी नाही, शिवाय त्याच्या बारीक छिद्रांत भरड पावडर दडून बसते आणि पुढच्या टप्प्यांत बाहेर येऊन शेजारच्या दगडांचाही सत्यानाश करते. पांढरी चुनखडी आणि कॅल्साइट यांचं काठिण्य जेमतेम तीन, त्यांचं ड्रममध्ये पीठ होतं. पांढरे-गुलाबी झिओलाइटचे स्फटिकही मऊच, आणि पापुद्र्यांत फुटणारे. महाराष्ट्रातले स्टिलबाइट, अ‍ॅपोफिलाइट जगभरच्या संग्रहालयांत मांडलेत, सिन्नरला तर गारगोटी नावाचं खनिजांचं संग्रहालयच आहे. असा स्फटिकांचा गुच्छ सापडला तर जसा आहे तसा कापसात गुंडाळून ठेवा. तो ड्रममध्ये टाकणं हा शुद्ध येडेपणा.

ड्रममध्ये घालायचे ते गारगोटी, अकीक, कॅल्सेडनी आणि लालसर-पिवळा जॅस्पर. ओळख सोपी आहे. सुरीच्या टोकाने ओरखडा उठत नाही, उलट दगडाने काचेवर ओरखडा उठतो. फुटलेली बाजू शिंपल्यासारखी वळणदार असते. भेगा पडलेले दगड आधीच बाजूला काढा आणि एका घाण्यात एकाच काठिण्याचे घ्या. छंदापुरते पिशवीभर गोटे वेचणं वेगळं. नदीतून किंवा खाणीतून पोत्यांनी उचलून विकायला लागलात तर ते गौण खनिजाच्या नियमांत येतं आणि तहसीलची माणसं विचारायला येतात, तेही ध्यानात असू द्या.

आता मोटर. सेमी-ऑटोमॅटिक मशीनची धुण्याची मोटर पाच-पंधरा मिनिटं चालून थांबण्यासाठी बनलेली असते. तिला रात्रंदिवस, तेही मे महिन्यात पत्र्याखाली, चालवलीत तर वाइंडिंग जळणारच. सतत चालणारी पाव एचपीची मोटर घ्या. 'थेट जोडा' ही तर निव्वळ थाप आहे. साधी इंडक्शन मोटर मिनिटाला १४४० च्या आसपास फिरते. ड्रम एका ठरावीक वेगाच्या वर गेला की दगड भिंतीला चिकटून नुसते गोल फिरतात, एकमेकांवर घासतच नाहीत. हा वेग काढायचं सूत्र खनिज दळणाऱ्या फिरत्या गिरण्यांच्या धंद्यात जुनं आहे: ४२.३ भागिले ड्रमच्या मीटरमधल्या व्यासाचं वर्गमूळ. ३० सेंटिमीटर व्यासाच्या ड्रमला तो येतो सुमारे ७७ फेरे. आपल्याला हवेत त्याच्या निम्म्याहून कमी, साधारण ३० फेरे. म्हणजे मोटरचा वेग ४८ पटींनी उतरवायचा.

सोलापूरचा फायदा इथे आहे. यंत्रमाग मिनिटाला शे-सव्वाशे फेऱ्यांवर चालतो आणि त्याची मोटर हजार-चौदाशेवर. पट्टा आणि पुली लावून वेग उतरवणं इथल्या कुठल्याही फिटरला झोपेतही जमतं. मोटरवर तीन इंची पुली आणि शाफ्टवर बारा इंची बसवली की १४४० चे ३६० झाले. त्या शाफ्टची २५ मिलिमीटरची रबर चढवलेली दांडी ३० सेंटिमीटरच्या ड्रमला खालून फिरवते, तिथे आणखी बारा पट वेग उतरतो आणि आले ३० फेरे. दुसऱ्या बाजूला मोकळी फिरणारी तशीच दांडी द्यायची, चार प्लमर ब्लॉक (दांडीची टोकं धरणारे बेअरिंगचे ठोकळे) आणि अँगलची चौकट. गिअरबॉक्स लागत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या आसपास भंगारात हे सगळं मिळतं. फक्त मागाच्या जुन्या मोटरी बऱ्याचदा थ्री फेजच्या असतात, घरच्या कनेक्शनसाठी सिंगल फेजची बघून घ्या. आणि पाणी जवळ असल्यामुळे अर्थिंग आणि गळती झाल्यास वीज तोडणारा ब्रेकर हवाच हवा.

ड्रम किती मोठा हवा? मेसेजवाल्याला दोनशे लिटरचा हवाय. तो दोन-तृतीयांश भरला तर आतला ऐवज अडीचशे किलोच्या पुढे जातो. पाव एचपी तिथे हलणार नाही, एक-दीड तरी लागेल. मोठ्या ड्रममध्ये भरड घासणी लवकर होते हे मी मानतो, कारण वरच्या दगडांचं वजन खालच्यांवर पडतं. पण पॉलिशला तोच गुण दोष ठरतो: दगड जास्त उंचीवरून आपटतात आणि अंगावर नखाएवढ्या चंद्रकोरी फुटतात. मला विचाराल तर ३० सेंटिमीटर व्यास आणि ४० सेंटिमीटर लांबी पुरे. २८ लिटरचा ड्रम होतो, त्यात ३० किलोच्या आसपास दगड मावतात. भरड काम त्यात करावं आणि पॉलिश लहान डब्यात, मध्ये प्लॅस्टिकचे मणी किंवा सिरॅमिकचे तुकडे गादीसारखे घालून. उघडा पत्रा तर नकोच, तो स्वतःच घासला जातो आणि गाळ काळा करतो. आतून जाड रबर लावा. घट्ट बंद ड्रममध्ये कधीकधी वायू साठून दाब वाढतो, म्हणून सुरुवातीला रोज थांबवून झाकण हळूच सैल करायचं, तोंड दुसरीकडे करून.

उरलेला गाळ मोरीत ओतू नका. तो बसतो आणि सिमेंटसारखा घट्ट होतो. बादलीत निवळू द्या आणि ओला असतानाच खड्ड्यात टाका. सुकला की त्याची धूळ उडते आणि गारेची धूळ फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो. खंभातच्या अकीक कारागिरांमध्ये हा आजार नोंदलेला आहे.

कपड्याच्या पावडरीबद्दल मेसेज निम्मा खरा आहे. पॉलिशनंतर ती घालून काही तास फिरवलं की चिकटलेली पावडर निघते आणि दगड स्वच्छ होतो. चमक मात्र आधीच आलेली असावी लागते.

'बल्बइतकी वीज' हे गणित शाळकरी पोरगंही खोडून काढेल. पाव एचपीची मोटर २५० वॉट ओढते असं धरा. चोवीस तासांचे सहा युनिट, महिन्याचे १८०. घरचा वापर त्यात मिसळला की वरचा स्लॅब लागणार. आणि विकायला करत असाल तर घरगुती मीटरवर धंदा चालेल का, हे वीज कंपनीकडे आधी विचारून घ्या.

पन्नास हजारांबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. ३० किलो कच्चे दगड घातले तर घासण्यातच पाव भाग तरी जातो. दीड महिन्याने हातात वीस-बावीस किलो माल येणार, आणि तो विकायचा खंभातच्या मालाशी स्पर्धा करून, जो किलोवर विकला जातो. एका ग्रुपवर तर कुणी भर घातली होती, की काळे गोटे पॉलिश करून पंढरपुरात शाळिग्राम म्हणून खपवा. शाळिग्राम नेपाळातल्या गंडकी नदीचे, त्यांच्यात अ‍ॅमोनाइट या प्राचीन, शंखासारख्या समुद्री जीवाचे जीवाश्म असतात. वारकऱ्याला विहिरीतला बेसॉल्ट शाळिग्राम म्हणून देणं ही फसवणूक आहे.

राहिला आवाज. रबर लावूनही सततची घरघर राहतेच, बिनरबराच्या पत्र्याबद्दल तर बोलायलाच नको. आणि ती एक-दोन तास नाही, दीड महिना, रात्रीसुद्धा. भिंतीला भिंत लागून घर असेल तर दगड गोळा करण्याआधी चौकट, मोटर आणि ड्रम उभा करा, त्यात बादलीभर साधी खडी टाका आणि एक रात्र चालवून बघा. सकाळी शेजारच्या काकू काय म्हणतात, त्यावर पुढची पावडर मागवायची की नाही ते ठरवा.